उसने दहा

मार्च संपायला नऊ दिवस.
वित्त अधिकारी म्हणाले, 'अकरा लाख कुठून तरी काढा चौगुले,
तुम्हाला सगळे कोपरे ठाऊक.'
ठाऊक आहेतच. एकवीस वर्षं
बेळगावाबाहेरच्या या टेकडीवर
मी विद्यापीठाच्या कोपऱ्यांचाच हिशेब ठेवतोय.

काढले.
दुपारच्या जनरेटरचं डिझेल.
पाहुण्यांच्या शाली, हार, नारळ.
(हार बंद म्हटल्यावर काकतीचा फुलवाला
दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.)
नियतकालिकं सतरा. त्यातली नऊ
प्लास्टिकच्या वेष्टनातच होती, कुणी फोडलीही नव्हती.
उरलेल्या आठांत एक मातीवरचं.
तेवढ्यासाठी एक पोरगी
आठवड्यातून दोनदा बैलहोंगलहून येते,
हे मला नंतर कळलं.
ओळ तोवर मारून झाली होती.

मग तासिकांवरचे मास्तर.
हा कोपरा सर्वांत सोपा,
तिथे कुणी भांडायला येत नाही.
सोळा तासांचे आठ केले तरी
कागदावर माणूस तेवढाच दिसतो.
मराठीच्या रेवती कुद्रेमनीकर
आता दुपारनंतर उद्यमबागेत
एका फाउंड्रीची बिलं टंकतात.
जिन्यात भेटल्या. 'काय करूलासा, चौगुले?'
'कापूलोय,' म्हटलं.
हसल्या.
हसायला नको होतं त्यांनी.

शेवटी राहिल्या खोल्या.
चौदा पोरांना एक खोली, पलीकडे एकोणीस पोरांना एक,
दोन्हीकडे पंखे, दोन्हीकडे ट्यूब.
'मराठी व कन्नड वर्ग एकत्र' एवढंच लिहायचं होतं
आणि पेन थांबलं.
या मुलखात पाटीवर कुठलं अक्षर वर
यावरनं डोकी फुटलीत.
मी शिवलीला मडिवाळर मॅडमच्या दारात उभा,
फाईल छातीशी धरून, वाक्य जुळवत.
त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.
'बर्री, जागा ऐती.'

मध्ये एक लोखंडी कपाट आडवं लावलं.
आवाजाला कपाट काय अडवणार?
परवा पंख्याची नोंद घ्यायला गेलो
तर अलीकडे कुणीतरी 'अडकित्ता' वाचत होतं
आणि पलीकडून एक पोरगा ओरडला, 'आमचा आहे तो!
अडके म्हणजे सुपारी, कत्ती म्हणजे सुरी!'
'वापरतो कोण पण?' अलीकडून.
'तुमच्या आज्जीला विचार!'
अर्धा तास भांडण.
सगळी पोरं कपाटाच्या एकाच बाजूला येऊन उभी,
आणि ट्यूब एकच जळत होती.
मी पंखे मोजायचे विसरलो.

वरून सूचना आली,
याला काटकसर म्हणू नका,
अहवालात 'आंतरविद्याशाखीय उपक्रम' लिहा.
लिहिलं. लाज वाटली.
तो अर्धा तास मी ऐकला होता, म्हणून थोडी कमी वाटली,
आणि त्याचीच पुन्हा लाज वाटली.

खानापूरच्या शाळेत आमच्या देमट्टी बाई
खडू आपटून सांगायच्या:
वरचा आकडा लहान असला तर रडू नका,
शेजारच्या घरातून दहा उसने घ्या.
पण शेजाऱ्याचा एक कमी झाला ना,
तो त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.
विसरलात की सगळं गणित चुकलं.
मी आयुष्यभर घेतलेले दहा बरोबर मांडले,
डोक्यावरचा एक लिहायला
ताळेबंदात रकानाच नाही.

काल संध्याकाळी सगळे गेल्यावर
'झाडू, फिनाईल व इतर' या ओळीत
मातीवरचं ते नियतकालिक बसवलं. वर्षाची वर्गणी.
जूनमध्ये लेखापरीक्षक येईल,
विचारेल, एवढं फिनाईल कुठं ओतलंत?
वास घ्या म्हणेन.

कुद्रेमनीकर बाईंचे आठ तास मात्र
'इतर'मध्ये मावत नाहीत.
दोनदा घालून पाहिले.