एक्केचाळीस नंबरचा बुडबुडा

मंगळवारी सकाळी सहाला मी हेंगेलोच्या कत्तलखान्यातून
डुकराचं मूत्राशय आणतो. ताजं, बर्फाच्या डब्यात,
सायकलच्या कॅरियरला रबरी पट्ट्यांनी आवळून.
कारकून विचारतो, किती? मी म्हणतो, एक.
मग तो काहीतरी विनोद करतो, दरवेळी तोच असावा,
आणि मी हसतो, कारण अर्धा मला ऐकूच येत नाही.

सोळाव्या वर्षी एन्स्खेडेच्या गिरणीत लागलो.
एका छपराखाली दोनशे माग.
गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले,
जाताना वरच्या पट्टीतलं सगळं घेऊन गेले:
किटलीची शिट्टी, धोबी पक्षी,
बायकोच्या वाक्यांची शेवटची अक्षरं.

आता निवृत्तीला अकरा महिने. विद्यापीठाच्या तळघरात
मी एका आवाजाची निगा राखतो
जो कुणालाच ऐकू येत नाही.
नाहरिनला भिंतीपलीकडचा फ्रीज ऐकू येतो,
हा नाही.
इथे मी कुणाहून कमी नाही.

नाहरिन लेझरने एक टोपण घडवते,
शिंप्याच्या अंगुस्तानासारखं,
पण केसाच्या जाडीत तीन बसतील एवढं.
पाण्यात सोडलं की पोटात हवा अडकते.
तो बुडबुडा म्हणजेच इंजिन.
बाहेरून आवाज दिला की त्याचं तोंड थरथरतं,
सेकंदाला लाखो वेळा,
पाणी मागे फेकलं जातं, टोपण पुढे सरकतं,
पाठुंगळीला औषधाचा कण घेऊन.

बुडबुड्याचा काय भरवसा, असं पाद्रीबुवा सांगायचे,
आयुष्याबद्दल बोलताना.
खरंच आहे. पण आमची सगळी भिस्त त्याच्यावरच.

आज एक्केचाळीस नंबर.
करड्या पडद्यावर एक पांढरा ठिपका.
नाहरिन चुंबकाने त्याला वळवते,
मी आवाज वाढवतो, कमी करतो, पुन्हा वाढवतो,
समोर आम्हीच सुईने केलेली जखम.
ये, म्हणते ती. तिच्या ओठांवरून कळतं.
आणि हवा हळूहळू पाण्यात विरघळत राहते,
साखर विरघळावी तशी,
त्यात कुणाचा दोष नाही.

जखमेपासून दोन मिलिमीटरवर ठिपका मंदावला.
मी खुंटी शेवटपर्यंत फिरवली.
नाहरिनने वहीत लिहिलं: थांबला. एक तास बावन्न मिनिटं.
सुरुवातीला ती 'मेला' लिहायची.
प्राध्यापकांनी खोडलं.

पाहुणे येतात, अनुदानवाले, बूट पुसून,
विचारतात, माणसात कधी?
तिचे वडील दर तीन महिन्यांनी
मूत्राशयात कॅमेऱ्याची नळी घालून घेतात,
मागचा गाठीचा प्रकार पुन्हा उगवला का बघायला.
ते कधी विचारत नाहीत, कधी.
ते त्यांच्या सुर्योयो बोलीत फोनवर विचारतात, आज किती पोहला?
आणि ती मिलिमीटर सांगते.

जानेवारीत, तीन राजांच्या सणाआधी,
मी कारकुनाला म्हटलं, दोन.
त्याने भुवया वर केल्या. विनोद सुचला नसावा.

दुसरं मूत्राशय धुतलं, ताणलं, मातीच्या मडक्यावर बांधलं,
मधोमध एक बोरूची काडी.
आम्ही पोरं हेच घेऊन दारोदार जायचो,
लोक पैसे द्यायचे ते आम्ही थांबावं म्हणून.
फूकेपॉट. नाहरिनने हे नावही ऐकलं नव्हतं,
इथेच जन्मली तरी.

पंजा ओला केला, काडीवरून ओढला.
मडकं गुरगुरलं,
डुक्कर परत आल्यासारखं,
टेबलावरच्या बशा हलल्या,
बेचाळीस नंबर बशीतच होता अजून, आवाजाची वाट बघत.
नाहरिनने दोन्ही कान झाकले आणि काहीतरी ओरडली,
ते मला कळलं नाही.
मडकं मात्र मी पूर्ण ऐकलं.