शेवटचे अकराशे मीटर

रात्रीतून वीतभर पडला.
पहाटे अडीचला मी ट्रॅक्टरला नांगर जोडतो.
इथे बर्फ नांगरतात,
पेरायचं मात्र काही नसतं.

सातशे बेचाळीस माणसांची आमची पालिका.
एका टोकाला फ्योर्ड, दुसऱ्या टोकाला डोंगर,
मधे बावन्न किलोमीटर रस्ता, आणि त्यावर मी.
बर्फ काढणारा मीच, आगीचा बंब मीच,
थडग्याचा खड्डाही मीच खणतो.
यंत्र तेच, पुढचं बकेट तेवढं बदलायचं.

गुन्वोर गेली ऑक्टोबरात,
जमीन गोठायच्या आधी.
सगळे म्हणाले, तिने सोय पाहिली.
मीही म्हणालो. खणायला दोन तास लागले.

तिचं ब्रेन्ना हे रस्त्याच्या शेवटचं घर.
खाली वळणावर दुधाच्या कॅनांचा जुना लाकडी ओटा,
दूध बंद झालं त्याला तीस वर्षं झाली.
बर्फाच्या रात्री त्यावर ती थर्मास ठेवायची,
कॉफी, आणि झाकणाखाली दोन साखरेचे खडे.
आम्ही बोललो असू
वर्षातून फार तर चारदा.

तिचा मुलगा स्टावांगरला. भला माणूस.
घराची ऊब तो फोनवरून सांभाळतो, पाइप फुटू नयेत म्हणून.
खिडकीतल्या दिव्याला त्याने टायमर लावला,
चार ते अकरा,
कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून.
कुणाला वाटावं, ते त्याने सांगितलं नाही.
इथे चोर यायचा तर त्यालाही
माझ्याच मागून यावं लागेल.

मग नोव्हेंबरातलं वादळ. अकरा तास वीज गेली,
आणि टायमर तेवढाच मागे पडला.
आता दिवा पहाटे तीनला लागतो,
मी वळणावर पोचतो, बरोबर तेव्हा.

मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली.
विषय क्रमांक चौदा:
ओट्यापासून ब्रेन्नापर्यंतचे अकराशे मीटर
हिवाळी यादीतून वगळणे.
ठेका माझा, म्हणून मला बाहेर जावं लागलं.
नियमच आहे तसा. हालवोरने मान हलवून दार दाखवलं.

व्हरांड्यात मुलांची चित्रं लावलेली.
शाळेत मुलं अकरा, चित्रं दहा.
एकीने आमची अख्खी पालिका काढलेली:
तिचं घर, एक एल्क, माझा ट्रॅक्टर
(पिवळा; माझा लाल आहे),
बाकी सगळा कागद कोरा.
बाई म्हणाल्या, हिला सांगितलं, पूर्ण कर.
ती म्हणते, झालंय पूर्ण.

आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.
पाच विरुद्ध तीन.
त्या तिघांत कोण होतं ते मी विचारलं नाही,
पण तुरिडने त्या आठवड्यात घरी मासे पाठवले.

रविवारी स्कीवर वर गेलो.
किल्ली लाकडांच्या खोपटात, जिथे ती कायम असते.
घर उबदार. उबदार, आणि आवाज नाही.
सॉकेटपाशी गुडघ्यावर बसलो,
टायमरची चकती करकरत फिरत होती,
स्वतःच्या हिशोबाने अगदी वेळेवर.
अकरा तास पुढे करायचे, एवढंच काम.
चकतीवर बोट ठेवलं.
बाहेर छपरावरून बर्फाचा एक लोट घसरला,
मी दचकलो,
कुणाच्या घरात पकडलं जावं तसा.
बोट काढून घेतलं.

ओट्यावर ठेवला जायचा तो थर्मास
स्वयंपाकघरात पालथा घातलेला होता.
तो तसाच राहू दिला.

काल पुन्हा पडला, गुडघाभर.
मी ओट्यापाशी वळलो. यादीत आहे तसंच.
वर दिवा लागलेला.
वळायला जरा वेळ लावला.