निष्कर्षाचा रकाना

सकाळपासून सात ज्वालामुखी झालेत माझे.
सातही खायच्या सोड्याचे.
एकाचा लाव्हा बीटाच्या रसाचा, त्याला अर्धा गुण जास्त.
क्राइस्टचर्चमधल्या शाळेचा हॉल,
ओल्या लोकरीचा वास, त्यावर व्हिनेगरचा,
माझ्या गळ्यात 'परीक्षक' अशी पाटी.
कुठेही शिरलो की मी अजून
आधी दार कुठे आहे ते पाहून ठेवतो.

टेबल एकतीस.
माशांची जुनी काचपेटी, तिच्यात करडी वाळू,
वाळूवर एक वीट.
विटेला खडूने काढलेल्या खिडक्या, दारावर नंबर: चौदा.
मरेइकुरा, वय बारा, म्हणाली,
"ड्रिल धराल का? मला स्टॉपवॉच बघायचंय."

कोरडी वाळू: वीट थरथरली, उभी राहिली.
निम्मी ओली: जराशी कलली.
मग तिने नळीने तळातून पाणी सोडलं,
पण वर येऊ दिलं नाही.
"वरून कोरडीच दिसायला हवी.
तेव्हाही तशीच दिसत होती म्हणे."

मी बटण दाबलं.
चार सेकंद.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात.
सरकत नाही ती.
थोडा वेळ वाळू असणंच सोडून देते.
कण एकमेकांचा हात सोडतात
आणि मधलं पाणी सगळा भार अंगावर घेतं,
हे मी वीस वर्षं शिकवलं आहे, आकृत्यांसकट.

वीट कुशीवर झाली आणि गेली, खिडक्यांपर्यंत.
खालून पिंगपाँगचा चेंडू टुणकन वर आला.
"हे मॅनहोल," ती म्हणाली.
शेजारच्या टेबलावरचा सिओने, पर्जन्यमापकवाला,
खो खो हसला.

"वाळू कुठून आणलीस?"
"घरातून."
मग तिने नकाशा उलगडला:
नदीकाठची ती पट्टी, जिथे आता नुसतं गवत आहे,
आणि गवतात, कुंपणं गेली तरी
आपापल्या अंगणात उभी राहिलेली फळझाडं.
"हा आमचा प्लम. याच्या डावीकडे सात पावलांवर
स्वयंपाकघर. मी नाही पाहिलेलं. मी नंतरची."

प्रश्न, गृहीतक, पद्धत: सगळं छापील, निळ्या शाईत.
निष्कर्षाच्या रकान्यात मात्र पेन्सिलीने
एकच ओळ:
काँक्रीट बरोबर होतं.

"म्हणजे?"

"कोरोनी घातला होता पाया. माझ्या आजोबांनी.
भावांना घेऊन, दोन रविवारांत.
घर बुडलं तेव्हा एक माणूस तपासायला आला,
कागदावर लिहून गेला, पाया सदोष.
तेव्हापासून कोरो प्रमाण मोजतात,
किती सिमेंट, किती खडी, किती पाणी.
जेवतानासुद्धा. बोटांवर."
पुढचं ती मला नाही, विटेला म्हणाली,
"तिन्ही वेळा वीट तीच ठेवली मी.
ती बदलायची नसते ना?"

नसते.

त्या आठवड्यात मी दिवसाला चाळीस घरं केली.
डोक्यावर हेल्मेट, बुटांत चिखल, घर, कागद, पुढचं घर.
'सदोष' लहानसा शब्द आहे,
रकान्यात नीट बसतो,
पाठीमागे रांग लागलेली असली की तर फारच नीट.
चौदा नंबर मला आठवत नाही.
कुठलाच नंबर आठवत नाही, अडचण तीच आहे.

"आजोबांना दाखवलंस?"
तिने हनुवटीनेच दाखवलं:
हॉलच्या टोकाला, विणलेली टोपी घातलेला म्हातारा,
एकतीसकडे पाठ करून,
एका ज्वालामुखीचा पुठ्ठा अंगठ्याने दाबून पाहत होता,
पक्का आहे का.
"म्हणाले, आधी परीक्षक काय म्हणतो ते बघू."

ड्रिल अजून माझ्याच हातात होतं.
गुणांचा कागद मी टेबलावर उपडा ठेवला.

"परत करू," मी म्हणालो. "पहिल्यापासून, कोरडीपासून.
त्यांना बोलाव. मला त्यांच्याशी
थोडं बोलायचंही आहे."

तिने वीट उपसून काढली, शर्टाला पुसली,
आणि खडू शोधू लागली,
खिडक्या पुन्हा काढायला.