वरची हवा

हळद मी आता कशातही बुडवत नाही.
दोन ग्रॅम पूड, काचेची छोटी बाटली,
झाकणात रबराची चकती;
साठ अंशांवर अर्धा तास
तिला नुसतं बसू द्यायचं.

मग चकतीतून सुई,
सुईतून केसाएवढा तंतू.
पुडीला टेकवायचा नाही.
बाटलीच्या गळ्यापाशी जी हवा उरते
तिच्यात धरायचा.
बास, एवढंच.

हेक्झेनच्या दिवसांत
आई म्हणायची, अंगाला पेट्रोलपंपाचा वास येतोय.
दुपारी चारला कपाळ ठणकायचं,
आणि भरलेला ड्रम कुपवाडहून कुठंतरी जायचा.
कुठं, ते विचारायची पद्धत नव्हती.

दस्तगीर शिकलगार अडतीतून नमुने आणतो.
पूर्वी हरिपुरात पेवांवर होता.
पेव उघडलं की लगेच उतरायचं न्हाई, म्हणतो,
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर वर वढायचा, बिडी पेटवायची, थांबायचं.
"माल कितीबी असू दे खाली, बाई,
पेव बोलतंय ते वरच्या हवेत."
त्याच्या भावाच्या वेळी कुणी थांबलं नव्हतं.
एवढंच सांगितलं.
मग पावती मागितली.

त्या बोलण्यात तंतू आत ओढायचा राहिला.
वीस मिनिटं टेबलावर, उघडा.
लक्षात आलं नाही, तसाच यंत्रात घातला.
अडीचशे अंशांना तो धरलेलं सगळं सोडतो,
त्याला काही पोटात ठेवता येत नाही.

टर्मेरोनची शिखरं जागच्या जागी होती, उंच.
पण त्यांच्या अलीकडं पलीकडं ही गर्दी:
पद्मजानं सोललेलं संत्रं,
दस्तगीरच्या गुडघ्याचा बाम,
माझ्या वेणीतलं तेल,
आणि निकोटीन, बारीक, पण स्पष्ट.
आमच्यातलं कुणी कुणाला शिवलं नव्हतं.

नियमानं शेरा मारला: नमुना दूषित, फेरतपासणी.
कागद मात्र फाडला नाही,
खणात आहे, हातमोज्यांच्या खोक्याखाली.

तंतू भाजला. रिकामा चालवून पाहिला.
सपाट रेषा. जवळजवळ.
अठराव्या मिनिटाला एक उंचवटा, मुंगीएवढा.
पुन्हा भाजला.

भावाचं नाव विचारायचं राहिलंय.
शुक्रवारी येईल तो, तासगावचा बेदाणा घेऊन.
बेदाण्याला तापमान कमी ठेवावं लागतं,
आणि वेळ जास्त द्यावा लागतो.