नव्वद ते अठ्ठ्याण्णव

लातूर एमआयडीसी. डाळमिलचा हॉपर.
वरच्या टोकाला कोन नव्वद,
खाली येईस्तोवर अठ्ठ्याण्णव.
मधे कुठंच पायरी नको, तूर अडकते.

सॉफ्टवेअरला एका घडीचा एकच कोन माहीत.
लॉफ्ट करून बघितलं,
अकरा पट्ट्या पाडून बघितल्या.
आकार बसतो, उलगडत नाही,
आणि उलगडल्याशिवाय लेझरवाला
फाईलसुद्धा उघडत नाही.

"काय करायलाव मॅडम?"
मन्मथअप्पा मागं उभे, हातात चहा. माझाच.
मॉडेल फिरवलं त्यांनी, उलटं, मग पुन्हा उलटं,
आणि काही न बोलता गेले.

भंगारातून एक पत्रा काढला.
खोक्याचा पुठ्ठा, तीन घड्या,
डायच्या डाव्या टोकाखाली सारला.
प्रेस खाली आली.
"दोन डिग्री जादाच दाबावं. परत येतंय ते."

कोनमापक लावला: नव्वद,
मधे चौऱ्याण्णवला केसभर कमी,
शेवटी अठ्ठ्याण्णव.
मग तोच तुकडा लाकडी हातोड्यानं
ठोकून ठोकून सपाट केला, मापं घेतली.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, मटेरियलच्या खाली
मी टाईप केलं:
पुठ्ठा, तीन घड्या, डावीकडे.
तपासणारे पुण्याहून फोन करतील.
करू द्या.