एका ओळीचे तीनशे

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. एप्रिलचे सव्वातीन.
वरचा पत्रा तापून टकटक वाजतोय
आणि गुंडेटींचं नवं मशीन म्हणतंय,
व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नाही.

"काय म्हणालंय ते?"
लच्छय्याकाका खुर्चीमागे, खांद्यावर स्वतःच्याच मालाचा टॉवेल.
"नवं घेतलोय की वो, पंचेचाळीस हजाराचं."

मी सांगते,
डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय चालत नाही,
जुनी विंडोज या मशीनवर उतरत नाही,
म्हणून हिच्याच पोटात तिला
पाहुणी ठेवायची.
"ठेव की मग."
ठेवते, काका. यजमान कडी काढत नाही.

बंद, चालू. डिलीट बडवत राहिले, वेळ चुकली.
बंद, चालू. आता एफ टू.
निळा पडदा, माउस नाही, नुसते बाण.
एका यादीच्या आत दुसरी यादी, तिच्या आत प्रोसेसर,
तिथे एक आखूड नाव,
कंपनीने वेगळंच ठेवलेलं, म्हणून मी
दोनदा त्याच्यावरून पुढे गेले.
त्याच्यापुढे लिहिलेलं: डिसेबल्ड.
दुकानातून असंच येतं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

चालू केलं. एफ टेन. हो.
पुन्हा तोच निरोप. अक्षरही बदललं नाही.

मग मी एक तास वाया घालवला.
खरं सांगते, डिस्कला दोष दिला,
पाहुणी काढून पुन्हा बसवली,
दोन वेळा चहा घेतला,
वायर हलवून पाहिली, जिचा काही संबंध नव्हता.

शेवटी मल्लेश, काकांचा पुतण्या, दारातून म्हणाला,
"ते मोबाईलचं गेम टाकलोय मी त्यात, मोठ्या पडद्यावर खेळायला.
चालतंय ना?"

चालतंय, बाबा.
तुझा पाहुणा आधीच आत आहे, किल्ली त्याच्या उशाखाली.

काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली, शेवटी ऑफ.
एंटर दाबणार, तेवढ्यात लाइट गेली.
बारा माग एकदम थांबले
आणि कारखान्यात इतकं ऐकू येऊ लागलं,
की पलीकडे कुणीतरी सुतळी तोडली, तीही.

वीस मिनिटं.
काका टॉवेलने वारा घेत होते, मलाही थोडा.

आली. ओळ पुन्हा लिहिली.
पूर्ण बंद, बटणापासून बंद, दहा मोजले, चालू.
आणि आतल्या चौकटीत
हिरवी टेकडी, निळं आभाळ,
घड्याळात दोन हजार अकरा.

गंगारामने केलेली किनार उघडली.
तो आता सुरतेला असतो.
फाइलचं नाव: फायनल, खरी फायनल, काकांनी बघितलेली.
चौकोन चौकोन मोर, चोचीत एक धागा जास्त.
"तो चुकलेला नव्हता," काका म्हणाले, "मीच ठेव म्हणालो होतो."

मग बराच वेळ पडद्याकडे बघून,
"तिला कळतंय का वो, आपण दुसऱ्याच्या घरात हाओत म्हणून?"
नाही. दिलेली एक जीबी
तिला सगळं घर वाटतं.

"एका ओळीचे तीनशे?" ते हसले.
खिसा चाचपला, नोटा अंगठ्याने सुट्या केल्या,
आणि ओठांतल्या ओठांत, मला नाही, स्वतःलाच,
ओकटि, रेंडु, मूडु.