डेलचा तक्ता

डेल विमा कंपनीत आहे.
कोण किती वर्षं जगेल, याचे आकडे मांडतो.
बुधवारी तेच डोकं घेऊन
पा हुआच्या तळघरात उतरतो,
शेबॉयगनमध्ये, जिथे जानेवारीत
तळ्यावरचा वारा काचेला दात लावतो.

आज त्याने तक्ता आणलाय. चौकटींचा कागद,
तीन रंगांच्या पेन्सिली.
कोणता क्लास किती बलवान, लेव्हल एक ते वीस.
योद्ध्याची रेघ सरळ,
ओझ्याच्या घोड्यासारखी चढ चढणारी.
जादूगाराची आधी जमिनीलगत सरपटते,
पाचव्या लेव्हलला मान वर काढते
आणि कागदाबाहेर निघून जाते.
"वरचा भाग दुसऱ्या कागदावर आहे," डेल म्हणतो,
आणि खरंच दुसरा कागद काढतो.

मी योद्धा. अकरा वर्षं.
तलवार एकच, ढाली तीन झाल्या.
दिवसा काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो.

मार्लिस पुजारीण; एरवी रात्रपाळीची नर्स.
तिने विचारलं, "माझी रेघ कुठाय?"
"तू बरं करतेस. ते नुकसानीत कसं मोजू?"
मार्लिसने एक प्रेट्झेल मोडलं. बोलली नाही.
पुढच्या मारामारीत डेलला बरं करायला
तिला एक फेरी उशीर झाला.
एकच.

चोराची रेघ तळाशी, हिरवी.
कोंग मेंगने ती नीट न्याहाळली, मान डोलावली.
हिरवी पेन्सिल तेव्हापासून सापडत नाही.

मला आठवतं, पहिल्या लेव्हलला
डेलच्या जादूगाराला तीन जीव होते.
कोंबड्याने टोचलं असतं तरी आटोपला असता.
मंत्र एक, तोही दिवसातून एकदा,
म्हणजे न्याहारीनंतर साहेब निवृत्त.
दलदलीतून मी त्याला पाठुंगळी नेलं,
आणि तो माझ्या खांद्यावरून
मला वाट चुकल्याचं सांगत होता.

आता आम्ही अठरावर आहोत. आता तो काळ थांबवतो.
आम्ही सगळे गोठतो, तो एकटाच बोलतो,
वीस मिनिटं, वही उघडून.
मी चिप्स आणायला वर जातो,
पा हुआच्या आईशी चार शब्द बोलतो,
खाली येतो, तोवर राक्षस मेलेला असतो.

आज मात्र त्याचं गणित एका जिन्यावर चुकलं.
वही मिटली. मंत्र संपले.
मागे डेल, त्याच्यामागे मार्लिस बेशुद्ध,
कोंग मेंग कुलपाशी झटतोय,
आणि खालून पावलं, पुष्कळ.
मी विचारलं, "दार केवढं रुंद?"
पा हुआ म्हणाली, "एका माणसाएवढं."
मग उभा राहिलो.

चौदा. नऊ. सतरा. तीन.
ढाल गेली, चौथी घ्यावी लागेल.
अकरा. वीस.
वीस पडलं तेव्हा कोंग मेंग खुर्चीवर चढला.
परत सोळा. कुणी चिप्सला हात लावेना.
सोळाव्या फेरीत कुलूप उघडलं.

डेलने चष्मा पुसला.
"सरासरी काढली तर हे दार
सहाव्या फेरीतच पडतं," तो म्हणाला.
"तुला दान पडलं."
बरोबर आहे त्याचं. पडलं.
गेल्या वर्षी अशाच एका पुलावर
नव्हतं पडलं,
आणि मला परत जिवंत करायला
मार्लिसचा अख्खा हिरा खर्ची गेला.
त्याचीही रेघ कुठे नाही.

बाहेर आलो तर नऊ इंच साचलेलं.
डेलची गाडी म्हणजे नुसता उंचवटा.
ट्रक चालू केला, पातं खाली घेतलं.
एक फेरी. मागे पाहिलं,
तर पांढरं पुन्हा बसत होतं.
दुसरी फेरी.
डेल पायरीवर उभा, हात कोटाच्या खिशांत,
दिव्याखाली त्याचे ओठ हलत होते.
मोजत असावा.